सांधे दुखतात, फळं खाऊ का?

पाऊस सरता सरता दुखण्यांची पत्रं वाढतात, हा या सदराचा दरवर्षीचा अनुभव. यंदा त्यातली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. फळं खाल्ल्याने सूज उतरते का? दुखणं कमी होतं का? आणि होत असेल तर कोणतं फळ खायचं? मी साताऱ्यात एका धर्मादाय रुग्णालयात, हाडांच्या ओपीडीशेजारच्या खोलीत बसते. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि "शेजारी मॅडमना भेटा, वजनाचं आणि खाण्याचं बघून घ्या" म्हणून माझ्याकडे पाठवतात. तिथे रोज ऐकायला मिळणारेच प्रश्न या पत्रांत आहेत. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत, उत्तरं मात्र ऐसपैस.

प्रश्न: माझं वय 61. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, एक्स-रे बघून गादी घासली आहे असं सांगितलं. सगळ्यांच्या सांगण्यावरून आंबट बंद केलं. लिंबू, संत्रं, आवळा, कोकम काहीच घेत नाही, तरी दुखणं तेवढंच आहे. आता कुणी म्हणतं, फळांनी सूज उतरते. मग कोणती खाऊ? यजमानांना साखर असल्यामुळे घरात फळं बेतानेच येतात. (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर: काकू, आधी लिंबाची फोड परत ताटात घ्या. आंबट फळांनी सांधे धरतात या समजुतीला आधार नाही. संत्र्यातलं आम्ल पोटात जातं, तिथे त्याहून कितीतरी तीव्र आम्ल आपल्या जठरात आधीच असतं. पुढे शरीर ते जाळून टाकतं. रक्ताची आम्लता फुप्फुसं आणि मूत्रपिंडं डोळ्यांत तेल घालून सांभाळतात, लिंबाने ती हलत नाही. गुडघ्यात जाऊन आंबट काही साचत नाही. आयुर्वेदाचं म्हणाल, तर तिथेही गोड, आंबट आणि खारट हे तीन रस वात शमवणारे सांगितले आहेत. काही विकारांत वैद्य आंबट वर्ज्य करायला लावतात, पण ते त्या रोग्यापुरतं आणि त्या काळापुरतं. 'वात आहे ना, मग आंबट बंद' असं सरसकट पथ्य शेजारपाजारचं असतं. दोन वाक्यांच्या त्या सल्ल्यापायी कितीतरी बायका सी जीवनसत्त्वाच्या सगळ्या चांगल्या स्रोतांना मुकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एक अपवाद सांगते. पेनकिलर चालू असताना रिकाम्या पोटी आंबट घेतलं तर जळजळ होऊ शकते. तसं होत असेल तर फळ जेवणानंतर घ्या. आणि लोणच्याला आंबट फळ समजू नका, त्यातलं मीठ रक्तदाबाला नको असतं. कोकमाचंही तसंच. आमटीत चार आमसुलं टाकली तर उत्तम, पण आगळात भरपूर मीठ असतं आणि बाटलीतल्या अमृत कोकमात भरपूर साखर. सरबत प्यावंसं वाटलं तर आमसुलं पाण्यात भिजवून, कोळून, जिरेपूड घालून घरीच करा.

आता फळांनी काय होतं ते. घासलेली गादी फळांनी पुन्हा भरून येत नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण झिजलेल्या सांध्यातही मंद दाह चालू असतो आणि खाण्यापिण्याचा त्याच्यावर परिणाम होतो. जांभळं, करवंदं, काळी द्राक्षं, डाळिंब, स्ट्रॉबेरी यांचा लाल-जांभळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, ती द्रव्यं दाह वाढवणाऱ्या रसायनांना थोडा लगाम घालतात. सी जीवनसत्त्व कोलॅजेन नावाचं प्रथिन तयार व्हायला लागतं आणि कूर्चा, म्हणजे सांध्यातली ती गादी, बऱ्याच अंशी कोलॅजेनचीच असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बाईमाणसाला दिवसाला 65 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व सांगितलं आहे. एका मध्यम पेरूत ते भागून वर उरतं. पेरू आता बाजारात यायला लागलेत, पाठोपाठ आवळे येतील. दात साथ देत नसतील तर पेरूच्या पातळ चकत्या करा, बियांचा मधला भाग काढून टाका. वरचा गरच कामाचा असतो.

तरी झिजलेल्या गुडघ्याला फळाचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच आहे. चार वाजता चहाबरोबर खारी, टोस्ट, फरसाण जे काही असतं, त्याच्या जागी फळ आलं तर वजन हळूहळू उतरतं. 1 किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार साधारण 4 किलोंनी हलका होतो. हे अमेरिकेत वजन जास्त असलेल्या, गुडघेदुखीच्या रुग्णांना चालायला लावून मोजलेलं आहे. चार-पाच किलो उतरलेली माझी रुग्ण जिन्याचा कठडा न धरता वर येते, तेव्हा रक्ताचा रिपोर्ट बघायची मला गरजच वाटत नाही.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. यजमानांना साखर म्हणून घरात फळं बेतानेच! ओपीडीत मी प्रत्येक बाईला विचारते, "काल तुम्ही स्वतः कोणतं फळ खाल्लं?" उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याचं येतं. नातवाला सफरचंद दिलं, ह्यांना पपई चिरून दिली. डाळिंब सोलायला अर्धा तास बसलेली बाई वाटी भरून आत पाठवते आणि सालीला चिकटलेले चार दाणे स्वतःच्या तोंडात टाकते. आंब्याच्या दिवसांत फोडी घरच्यांना, कोय तिला. काकू, दुखतंय तुम्हाला. राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेने माणशी रोज 100 ग्रॅम फळ सांगितलं आहे, म्हणजे एक पेरू किंवा पपईची वाटीभर फोडं. ते तुमच्या नावाने वेगळ्या वाटीत काढून ठेवा आणि चहाच्या वेळेला बसून खा, ओट्याशी उभं राहून नको. यजमानांनाही पेरू, जांभूळ, पपई बेताने चालते. ज्यूस तेवढा दोघांनी टाळा. फरक कळायला दोन-तीन महिने द्या आणि मांडीचे व्यायाम सोडू नका.

प्रश्न: वय 44, पुण्यात बांधकामाचा व्यवसाय. दोन वेळा पायाचा अंगठा रात्रीतून सुजला, चादरीचा स्पर्शही सहन होईना. युरिक ॲसिड 8.9 निघालं. डाळी, पालक, मशरूम बंद केलं. सकाळी जिमनंतर मोसंबीचा मोठा ग्लास घेतो. मित्राच्या सांगण्यावरून परदेशी चेरीचा अर्क मागवलाय, तो बराच महाग आहे. चालू ठेवू का? डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात, पण ती कायमची लागते असं ऐकलंय.

उत्तर: तुम्ही जे बंद केलंत ते सुरू करा आणि जे सुरू ठेवलंय ते बंद करा, असं म्हणायची वेळ आली आहे.

आधी ज्यूस. एका मोठ्या ग्लासात चार-पाच मोसंब्यांचा रस असतो. चार मोसंबी सोलून, चावून खायला बसलात तर दुसऱ्यालाच हात आखडेल. रस मात्र दोन मिनिटांत पोटात जातो आणि चोथा गाळणीत राहतो. फळांच्या साखरेतला फ्रुक्टोज हा भाग यकृतात वापरला जातो, तेव्हा पेशींतली ऊर्जा झपाट्याने खर्च होते आणि त्या मोडतोडीतून शेवटी युरिक ॲसिडच तयार होतं. 2008 साली अमेरिकेत पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. रोज दोन किंवा जास्त गोड शीतपेयं पिणाऱ्यांत गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिड साठून सांधा सुजण्याच्या तुमच्या या आजाराचा, धोका 85 टक्क्यांनी जास्त होता. फळांचा रस पिणाऱ्यांतही तो वाढलेला होता, आणि सफरचंद-संत्री फार खाणाऱ्यांतही काही प्रमाणात दिसला. म्हणून गाउटवाल्याला मी दिवसाला एक, फार तर दोन फळं सांगते, तीही चावून खायची. पेरू, पपई, जांभूळ, स्ट्रॉबेरी यांतलं काहीही. जिमनंतर तहान लागते ती पाण्याने भागवा. पातळ, बिनसाखरेचं ताक तर फारच चांगलं.

डाळी आणि पालक कुणी सोडायला सांगितले? त्यांत प्युरीन, म्हणजे ज्याचं शरीरात युरिक ॲसिड बनतं ते द्रव्य, असतं म्हणून ना? 2004 साली सत्तेचाळीस हजारांवर अमेरिकन पुरुषांच्या बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढलेला होता, प्युरीनवाल्या भाज्या खाणाऱ्यांत वाढलेला नव्हता, आणि दूध-दही घेणाऱ्यांत तो कमी होता. तेव्हा आमटी-भात जेवा. कात्री लावायची असेल तर कलेजीला, सुकटीला, रविवारच्या मटणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाढपाला आणि बिअरला लावा. पत्रात बिअरचा उल्लेख नाही, पण साइटवरच्या पार्ट्यांचं तुमचं तुम्हाला ठाऊक.

आता चेरी. तुमचा मित्र अगदीच हवेतलं बोलत नाहीये. बोस्टनच्या संशोधकांनी 2012 मध्ये गाउटच्या 633 रुग्णांच्या वर्षभराच्या नोंदी मांडल्या. ज्या दोन दिवसांत माणसाने चेरी खाल्ली होती, त्यानंतर झटका येण्याची शक्यता 35 टक्क्यांनी कमी दिसली. त्याच अभ्यासात चेरी आणि युरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी दोन्ही घेणाऱ्यांत ती 75 टक्क्यांनी कमी होती. म्हणजे चेरीची बाजू घेणारा अभ्याससुद्धा गोळीच्याच बाजूने बोलतो. पुढे न्यूझीलंडमध्ये 50 रुग्णांना 28 दिवस आंबट चेरीचा अर्क देऊन बघितला, पण युरिक ॲसिड काही उतरलं नाही. तेव्हा मागवलेली बाटली संपवायची तर संपवा, दुसरी मागवू नका. मे-जूनमध्ये काश्मीर-हिमाचलची ताजी चेरी बाजारात येते, ती वाटीभर आनंदाने खा. केकवरच्या लाल चेरीने मात्र समाधान करून घेऊ नका. ती बऱ्याचदा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असते आणि करवंदाचे गुण त्या पाकातच गेलेले असतात.

गोळीबद्दल. दोन झटके आणि 8.9 हा आकडा बघता तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. युरिक ॲसिड 6 च्या खाली राहिलं की सांध्यात साठलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. नुसत्या खाण्यापिण्याने ते एखाद्या अंकाने उतरलं तरी पुष्कळ, तुम्हाला जवळजवळ तिनाने उतरवायचंय. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत एखादा झटका येऊ शकतो, त्यासाठी डॉक्टर सोबत दुसरं औषध देतात. 'गोळीनेच दुखणं वाढवलं' म्हणून बरेच जण इथे सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

प्रश्न: आईला (वय 49) आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. नात्यातल्या एकांनी एका शिबिराचं सुचवलंय. 21 दिवस फक्त फळं आणि फळांचे रस, आणि सगळ्या गोळ्या बंद. आईची जायची फार इच्छा आहे. पाठवू का? (लातूर)

उत्तर: नको. 'सगळ्या गोळ्या बंद' ही अट ऐकल्यावर पुढचं ऐकूच नका.

आईंचा आमवात आणि वरच्या काकूंची झीज हे दोन वेगळे आजार आहेत, जरी आपण दोन्हींना संधिवातच म्हणत असलो तरी. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते आणि आवर घातला नाही तर हाड कुरतडलं जातं. वाकडी झालेली बोटं मग कोणत्याही फळाने, कोणत्याही गोळीने सरळ होत नाहीत. मेथोट्रेक्सेट ही पेनकिलर नाही. ती रोगाच्या मुळाशी चाललेला हल्ला आवरते. पेनकिलर कमी करता आली तर आपल्याला हवीच आहे, पण या दोन गोळ्यांना एका दावणीला बांधणारा माणूस आईंच्या हातांशी खेळतोय.

आईंना जावंसं का वाटतं, तेही समजून घ्या. अशा शिबिरांतून आलेले लोक खरंच सांगतात की सूज उतरली, सकाळी बोटं मोकळी झाली. ते खोटं बोलत नाहीत. कडक उपवासात आमवाताचा दाह काही दिवस ओसरतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. 1991 साली नॉर्वेत यावर अभ्यास झाला. रुग्णांना आधी देखरेखीखाली 7 ते 10 दिवसांचा उपवास घडवला आणि पुढे वर्षभर नीट आखलेला शाकाहार दिला, तेव्हा बऱ्याच जणांना बरं वाटलं. पण नुसता उपवास करून घरी येऊन पूर्ववत जेवायला लागलं की सूज परत येते. दरम्यान गोळी थांबलेली असेल तर ती जास्तच जोमाने येते. आणि 21 दिवस नुसती फळं म्हणजे प्रथिनं जवळपास नाहीतच. आमवातात स्नायू आधीच खंगतात. आईंचे दंड आणि मांड्या बघा, तुम्हाला कळेल.

त्यांना घरीच एक शिबिर करून द्या. सकाळी नाश्त्याला फळ, दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ, दूध-दही, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, भाज्या भरपूर, तळणं आणि बेकरीचं बंद. चालत असतील तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. गोळी ठरलेल्या वारीच, सोबत दिलेलं फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. तीन महिन्यांनी ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून तुमच्या संधिवाततज्ज्ञांना दाखवा आणि खाण्यातला बदलही सांगा. औषध कमी करायचं की नाही, हे तो कागद बघून तेच ठरवतील.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. आई-बाबा नाशिकला. दोघांचेही गुडघे दुखतात. इथे ब्लूबेरीची पावडर आणि स्ट्रॉबेरीची वाळवलेली पावडर सांधेदुखीसाठी सांगतात. दर दोन महिन्यांनी पाठवू का?

उत्तर: पाठवण्यामागची माया समजते, म्हणून मोकळेपणाने लिहिते. अमेरिकेत 2017 मध्ये गुडघ्याची झीज असलेल्या लठ्ठ रुग्णांवर स्ट्रॉबेरीच्या पावडरीचा प्रयोग झाला आणि दुखणं कमी झालेलं दिसलं. पण माणसं होती 17, आणि पावडर होती रोज 50 ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा किलो ताजी स्ट्रॉबेरी. बारा आठवडे! ब्लूबेरीवरचे प्रयोगही असेच आशादायक, पण लहान आहेत. तुमच्या डब्यातली चमचाभर पावडर त्या मापाला पोचत नाही.

शिवाय तुमचे आई-बाबा नाशिकला राहतात! जानेवारी ते एप्रिल काळी द्राक्षं दारात असतात. सालीसकट खायची, कारण तो रंग सालीतच असतो. आधी पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवून दोन-तीनदा धुवायची. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. मे महिन्यात घाटात बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या असतात. जूनमध्ये जांभळं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ना, तीच ती रंगद्रव्यं, ब्लूबेरीत असतात त्याच कुळातली. जांभळावर अमेरिकेसारखे गुडघ्यांचे प्रयोग झालेले नाहीत म्हणून मी त्याला औषध म्हणणार नाही, पण फळ म्हणून ते ब्लूबेरीच्या पंगतीत मानाने बसतं आणि ताजं मिळतं.

माझी सूचना अशी. पावडरीचे आणि पार्सलचे पैसे मोजा, आणि तेवढे आई-बाबांच्या नेहमीच्या फळवाल्याला महिन्याच्या महिन्याला फोनवरून पाठवा. रोज दोन माणसांचं फळ घरपोच द्यायला सांगा. म्हातारी माणसं मुलीने पाठवलेलं वाया घालवत नाहीत, पण स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी डाळिंब घ्यायला त्यांचा हात धजत नाही. माझ्याकडच्या एका आजींचा मुलगा दुबईहून असंच करतो. आजी तक्रार करतात की फळवाला रोज बेल वाजवतो, आणि मग काल काय आलं होतं ते मला सविस्तर सांगतात.

प्रश्न: मी 19 वर्षांची, कोल्हापूरला कबड्डी खेळते. सरावानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. घोटाही मुरगळला होता. अननसाने सूज उतरते म्हणतात, खरं का? आजी केळं खाऊ देत नाही, वात धरतो म्हणते.

उत्तर: अगं, अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. अननस खाताना जिभेला चुरचुरतं, त्यात त्याचा हात असतो. सुजेवर ज्याचे प्रयोग झाले ते बहुतेक अननसाच्या देठा-खोडातून काढलेलं, कॅप्सूलमध्ये भरलेलं असतं. फोडीत ते कमी, आणि शिजवल्यावर किंवा डब्यात बंद केल्यावर जवळजवळ नाहीच. तेव्हा ताजा अननस आवडीने खा, पण अननसाच्या शिऱ्याने घोटा बरा होईल असं समजू नकोस. घोट्याला बर्फ, पट्टी, विश्रांती आणि नीट जोर येईपर्यंत मैदानाबाहेर.

आजीला माझा नमस्कार सांग आणि केळं खा. अमेरिकेत सायकलपटूंना लांबच्या फेरीत साखरेच्या पेयाऐवजी केळी देऊन बघितलं. ताकद तेवढीच टिकली, शिवाय केळी खाल्लेल्यांच्या रक्तपेशींत कॉक्स-2 या एन्झाइमची हालचाल कमी दिसली. पेनकिलर ज्याला अडवते तेच हे एन्झाइम. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात एक केळं, मूठभर शेंगदाणे किंवा पेलाभर दूध आणि भरपूर पाणी घे. मांड्या भरून येणं झोपेने जितकं उतरतं तितकं कशानेच उतरत नाही, त्यामुळे रात्री मोबाइल लांब ठेव.

प्रश्न: फोंड्याहून लिहितो. वय 66. कोलेस्टेरॉलची आणि बीपीची गोळी चालू. गणपतीपासून घरात पपनसं भरपूर आहेत. फळांनी अंगदुखी कमी होते असं वाचून मी रोज अर्धं खातो. पण गेले दोन आठवडे दंड, मांड्या जास्तच दुखतात.

उत्तर: काका, हे पत्र मी लगेच फोनवरून उत्तर द्यावं असं होतं आणि तसं दिलंही. इतरांसाठी इथे लिहिते आहे.

पपनस हे परदेशातल्या ग्रेपफ्रूटचं सख्खं नातलग. या दोन्ही फळांतली काही द्रव्यं आतड्यातल्या एका एन्झाइमला निकामी करतात. काही औषधं रक्तात किती शिरावीत हे ते एन्झाइम ठरवतं. ते बंद पडलं की गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात औषध जास्त चढतं. सिमव्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणि फेलोडिपिन, निफेडिपिन या बीपीच्या गोळ्या यांच्या बाबतीत हे घडू शकतं. कोलेस्टेरॉलचं औषध जास्त चढलं तर स्नायू दुखतात. गोळी सकाळी आणि पपनस संध्याकाळी, अशी युक्तीही चालत नाही, कारण परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. तेव्हा पपनस थांबवा, गोळी स्वतःहून थांबवू नका आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. ते गरज वाटल्यास सीपीके ही रक्ताची तपासणी करतील किंवा या भानगडीत न सापडणारी दुसरी गोळी देतील. लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी गाठा. संत्र्या-मोसंबीचा असा त्रास नाही.

याच ओघात दुसरं एक फळ. चांदणीसारख्या फोडी होणारं कमरक, कोकण-गोव्यातलं करमळ. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्यांनी ते चाखूसुद्धा नये. त्यातलं विषारी द्रव्य अधू मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही आणि उचकी, भ्रम, फिट इथपर्यंत मजल जाते, जीवही गेलेले आहेत. वर्षानुवर्षं पेनकिलर घेणाऱ्या सांधेदुखीच्या रुग्णांनी आपलं क्रिएटिनिन एकदा तपासून घ्यावं असं मी म्हणते, ते एवढ्यासाठीही. ते वाढलेलं निघालं तर केळं, शहाळ्याचं पाणी आणि संत्रं किती घ्यायचं, हेही विचारून घ्या.

प्रश्न: मिस्टरांना चिकनगुन्या होऊन दीड महिना झाला. ताप गेला, पण मनगटं आणि घोटे धरलेले. रोज किवी आणि ड्रॅगनफ्रूट आणतो, खर्च परवडत नाही. बंद केलं तर त्रास वाढेल का? (अकोला)

उत्तर: नाही वाढणार, ताई. पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू-चिकनगुन्याची साथ आली की या दोन फळांचे भाव चढतात, कारण त्यांनी प्लेटलेट वाढतात असं कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं. वाढत नाहीत. सी जीवनसत्त्वाचं म्हणाल तर किवीपेक्षा आपल्या पेरूत ते दुपटीहून जास्त असतं. एक पेरू, एक केळं, पपई एवढ्यावर भागवा, आणि वाचलेल्या पैशांत अंडी, दूध, डाळ वाढवा. तापाने अंग खंगलेलं असतं, त्याला प्रथिनं हवीत.

पुढच्या तापासाठी एक लक्षात ठेवा. डेंग्यू नाही हे तपासणीत नक्की होईपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काही देऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच द्या. चिकनगुन्याचं सांधे धरणं काही आठवडे, कधी काही महिने राहतं आणि बहुतेकांचं ओसरतं. रोज कोमट पाण्यात मनगटं आणि घोटे हलवायला लावा, पूर्ण आराम नको. तीन महिन्यांनंतरही सूज दिसत असेल किंवा सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नसतील, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या.